सीटच्या पायाला बांधलेली सॅक

कापलेली बॅग दुकानात आली की माझे भावोजी आधी चष्मा पुसायचे. मग बॅग उताणी करून त्या चिरेवरून अंगठा फिरवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुम्ही उभे होता ना?" गिऱ्हाईक चाट पडायचं. चीर खालून वर गेली असेल तर चोर बसलेला होता, वरून खाली आली असेल तर मागे उभा होता, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली असेल तर तेवढ्यात गिऱ्हाइकाने मान वळवली होती. चोराने नुकतंच येऊन सगळं कबूल केल्यासारखं ते हे सांगायचे. शेजारचा न्हावी म्हणायचा, "यांना एक दिवस पोलीस उचलणार बघा. एवढी माहिती सज्जन माणसाला नसते." भावोजी हसायचे नाहीत. बॅगेच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नसे.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. स्टेशनकडून वर येणाऱ्या रस्त्याला पाच पायऱ्या उतरून जायचं त्यांचं तळघरातलं बॅगदुरुस्तीचं दुकान होतं. खिडकी बरोबर फुटपाथच्या उंचीला. त्यामुळे जन्मभर त्यांना माणसं कमरेपर्यंतच दिसली. चेहऱ्यावरून कुणाला ओळखायला त्यांना वेळ लागायचा, बॅगेवरून लगेच. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि रोज त्याच रस्त्याने जायचे, पण मी नवी पर्स घेतली त्या दिवशी भावोजींनी मला खिडकीतून हाक मारली नाही. विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, दुसरंच कुणीतरी."

परदेशात रेल्वेने जाणारी पोरंपोरी त्यांच्याकडे यायची. चेनचा रनर बदलायला म्हणून यायची आणि तासभर अडकून पडायची. भावोजी त्यांचा वर्गच घ्यायचे. सॅक आपल्या डोक्यावरच्या फळीवर ठेवायची नाही, समोरच्या फळीवर ठेवायची, म्हणजे मान वर न करता दिसते. झोपायचं असेल तर पट्टा मांडीभोवती घ्यायचा. स्टेशन आलं की जागं व्हायचं, कारण चोर गाडी सुटताना उतरतो, दारं बंद व्हायला दोन श्वास उरलेले असतात तेव्हा. कुणी खिडकीवर टकटक करून बाहेरून काही विचारलं, तर आधी हात सॅकवर आणि मग नजर खिडकीकडे. पोरं माना डोलवायची. वर्ग संपला की ताई आतून म्हणायची, "यांना विचारा, स्वतः किती देश पाहिलेत." भावोजींनी एकही पाहिला नव्हता. सरहद्दीकडे जाणाऱ्या गाडीत ते कधी बसलेदेखील नव्हते.

ताई दुकानात अस्तरं कापायची. मशीनवर ते, कात्रीवर ती, मध्ये मेणाच्या दोऱ्याचं रीळ. तीस-एकतीस वर्षं हे असंच चाललं. मग एकदा तिने एका सॅकचं अस्तर उलटं लावलं. हसण्यावारी नेलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. त्यानंतर ती पाच पायऱ्या चढून वर गेली आणि घरी जायचं कुठल्या बाजूला, हे न्हाव्याला विचारू लागली. न्हावी तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून तो तिला हाताला धरून घरी सोडून आला आणि याबद्दल कुठे चकार शब्द काढला नाही. ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरीण बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "ओळख हळूहळू जाईल. लांबच्या माणसांची आधी जाईल. ज्यांना भेटवायचं असेल त्यांना लवकर भेटवा."

लांबचं माणूस एकच होतं, ताईची लेक. ती सरहद्दीपलीकडे, दुसऱ्या देशात, आमच्यापासून रेल्वेने पंधरा तासांवर राहायची. दोन वेळा तिचा गर्भ पडला होता, आता तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला बिछान्यातून पाय खाली ठेवू दिला नव्हता. ती येऊ शकत नव्हती. तेव्हा आईनेच जायचं ठरलं. विमानात बसवणं शक्य नव्हतं, कारण कमरेला पट्टा बांधला की ताई घाबरून तो ओरबाडायची. राहिली रेल्वे. मी बरोबर येते म्हणाले. भावोजी म्हणाले, "एक माणूस सांभाळायला मी पुरेसा आहे." माझ्याकडे पासपोर्टही नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणून धरलं नाही.

तोवर ताईला लेकीचं नाव येत होतं. दिवसातून चारदा म्हणायची, "पोर वाट बघत असेल." हे वाक्य तिच्या तोंडात आहे तोवर तिला तिथे पोहोचवायचं, एवढंच आम्हा दोघांच्या डोक्यात होतं.

त्या प्रवासासाठी भावोजींनी दोन आठवडे खपून एक सॅक शिवली. मी आजवर तशी वस्तू पाहिलेली नाही. बाहेर एकही खिसा नाही. चेन पाठीच्या बाजूला, म्हणजे सॅक पाठीवर असताना उघडताच येऊ नये. पट्ट्यांच्या आत पोलादी तार, ब्लेडने कापू म्हटलं तरी कापता येऊ नये. तळाशी एक कडी, त्या कडीतून तारेचा दोर, दोराला कुलूप, आणि तो दोर सीटच्या पायाला गुंडाळायचा. किल्ली त्यांच्या गळ्यात, गंजिफ्रॉकच्या आत. आतल्या कप्प्यात दोघांचे पासपोर्ट, ताईची औषधं, पैसे, लेकीचा पत्ता, ताईचे रिपोर्ट आणि तिचा एक फोटो. हरवलीच सॅक तर परत मिळावी म्हणून अस्तराला तीन ठिकाणी नाव, पत्ता आणि फोन नंबर शिवला. पक्क्या काळ्या दोऱ्याने, सुबक अक्षरांत. मी स्वतः ती अक्षरं पाहिली आणि त्यांना शाबासकी दिली. आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की ताईच्या अंगावर नाव-पत्त्याचा चिटोरादेखील नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण भावोजींनी ते मला इतक्या वेळा सांगितलंय की डब्याचा रंग विचारला तरी मी सांगेन.

सकाळची गाडी होती. ताई खिडकीशी बसली, भावोजी तिच्या शेजारी, सॅक दोघांच्या पायांमध्ये, दोर सीटच्या पायाला. समोर एक बाई विणकाम करत होत्या. त्यांची भाषा वेगळी होती, पण त्यांनी ताईला लोकरीचा गुंडा धरायला दिला आणि ताईने तो चार तास मांडीवर नीट धरून ठेवला. भावोजी म्हणाले, "ती इतकी निवांत मला वर्षभरात दिसली नव्हती." डबा गरम होता, म्हणून तिने कोट काढून खुंटीला लावला.

दुपारी बाराच्या सुमाराला सरहद्दीपलीकडचं पहिलं स्टेशन आलं. गाडी तिथे अर्धा तास थांबते. अधिकारी डब्यात चढले, त्यांनी पासपोर्ट मागितले. भावोजींनी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं, दोर सोडला, सॅक फिरवून पाठीकडची चेन उघडली, आतला कप्पा, त्यातली पिशवी, पिशवीतून पासपोर्ट. अधिकारी हसला म्हणे. शिक्के मारून त्याने ते परत दिले. मग हीच सगळी कामं उलट क्रमाने. पासपोर्ट पिशवीत, पिशवी कप्प्यात, चेन, सॅक पालथी, दोर सीटच्या पायाला, कुलूप, किल्ली गंजिफ्रॉकच्या आत. हे करायला खाली वाकावं लागतं. भावोजी वाकलेले होते आणि ताई उठून गेली.

विणणाऱ्या बाई काहीतरी बोलल्या. भावोजींना वाटलं, सॅकबद्दल विचारतायत. त्यांनी कौतुकाने मान हलवली. मग त्या बाईंनी त्यांचा खांदा हलवला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. ताई प्लॅटफॉर्मवर उभी होती. हिरवा स्वेटर, कोट नाही, आणि लोकरीचा गुंडा हातात.

भावोजी दाराकडे धावले. चार पावलं गेले असतील. आणि मागे फिरले.

मागे फिरून त्यांनी कुलूप काढायला घेतलं. बॅगेचं कुठलंही कुलूप ज्यांना अर्ध्या मिनिटात उघडता यायचं, त्या माणसाला दोन स्वेटरच्या आतून किल्लीची दोरी सापडेना. सापडली, तर ती बटणात अडकली. कुलूप उघडलं, दोर सीटच्या पायाभोवती तीन वेढे घेऊन होता. सॅक छातीशी धरून ते दाराशी पोहोचले, तेव्हा दारं बंद झाली होती. त्यांनी काचेवर मुठी मारल्या. ताई त्यांच्याकडेच बघत होती. गाडी हलली तसा तिने हात वर केला आणि हलवला. कुणाला तरी पोहोचवायला स्टेशनवर आलेली माणसं हलवतात ना, तसा. "हसत होती," भावोजी म्हणतात. प्रत्येक वेळी इथपर्यंत आले की ते थांबतात, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की यापुढे त्यांनी काही सांगू नये.

विणणाऱ्या बाईंनी गार्डला शोधून आणलं. गार्डने मागच्या स्टेशनला फोन केला. पुढचं स्टेशन चाळीस मिनिटांवर होतं, तिथून उलटी गाडी तीन तासांनी. भावोजी परत पोहोचले तेव्हा प्लॅटफॉर्म रिकामा होता. फोन आल्यावर स्टेशनातल्यांनी शोधलं होतं, पण तोवर ती बाहेर पडली होती. पोलीस चौकीत भावोजींनी फोटो दिला, रिपोर्ट दिले, पासपोर्ट दिला. अधिकाऱ्याने विचारलं, "बाईंजवळ काय आहे?" भावोजी म्हणाले, "लोकर."

बाहेर थंडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बस थांबतात त्या शेडमध्ये, स्टेशनापासून दोन मैलांवर, सफाई करणाऱ्या माणसाला सापडली. त्याने आपलं जाकीट तिच्यावर घातलं आणि तिला दवाखान्यात पोहोचवलं. तिथे तिचं नाव कुणाला कळेना. ती सांगेना आणि अंगावर काही लिहिलेलं नाही. निनावी बाई म्हणून तिची नोंद झाली. दवाखाना आणि पोलीस चौकी यांच्यामध्ये एक चौक आहे फक्त, पण एकीकडची बातमी दुसरीकडे पोहोचायला संध्याकाळ झाली.

तिला न्यूमोनिया झाला होता. मी घाईने पासपोर्ट काढून तिथे पोहोचेपर्यंत दहा दिवस गेले. भावोजी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, सॅक मांडीवर. ती सॅक बघून माझा तोल गेला. मी म्हणाले, "धडधाकट आहे ना? एक टाका उसवला नसेल." आणखी पुष्कळ बोलले. जे बोलायचं नसतं तेही बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मला त्यांनी उलट बोलायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं.

तीन आठवड्यांनी ताप उतरला. पण तापाआधीची ताई परत आली नाही. लेक तिथून पुढे दहा तासांवर होती आणि ताई रेल्वेत पाय ठेवायला तयार नव्हती, शिट्टी ऐकली तरी पलंगाची कड घट्ट धरायची. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रुग्णवाहिकेतून झोपवून घरी न्या, सवयीच्या खोलीत ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी मी लेकीला फोन लावून ताईच्या कानाशी धरला. पलीकडून "आई, आई" एवढंच ऐकू येत होतं. ताईने थोडा वेळ सभ्यपणे ऐकलं आणि फोन मला परत दिला. म्हणाली, "चुकून लागलाय बहुतेक." पोर वाट बघत असेल, हे ती त्यानंतर कधी म्हणाली नाही.

आम्ही एकाच मजल्यावर राहतो, दार समोरासमोर. तरी पाच महिने मी भावोजींशी बोलले नाही. जेवणाचा डबा करायचे, ताईला भरवायचे, त्यांचं ताट झाकून ठेवायचे आणि दार ओढून घ्यायचे. दुकान त्यांनी ताईसाठी अर्धा दिवस केलं होतं. न्हावी मला म्हणाला, "आता वर्ग घेत नाहीत. कुणी परदेशचं विचारलं तर म्हणतात, दुसरीकडे विचारा."

मग एका दुपारी ताईचे कपडे घडी करताना मला तिच्या स्वेटरच्या गळपट्टीमागे काहीतरी टोचलं. उलटून पाहिलं, तर काळ्या दोऱ्याने नाव, पत्ता, फोन नंबर. दुसरा स्वेटर पाहिला, त्यावरही. गाऊन, कोट, मोजे, रुमाल, उशीचा अभ्रासुद्धा. मोज्यांवर जागा नव्हती म्हणून तिथे नुसता नंबर. कपाटातल्या एकूण एक कपड्यावर भावोजींनी शिवून ठेवलं होतं. ताई तेव्हा खोलीबाहेरसुद्धा जात नव्हती. मी तो ढीग मांडीवर घेऊन खूप रडले. संध्याकाळी ताट झाकलं नाही, त्यांच्यासमोर वाढलं आणि म्हणाले, "अक्षर अजून चांगलं आहे तुमचं." ते म्हणाले, "मोज्यावर बिघडलं जरा."

लेक आली ती बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर. मुलगी आहे, गुटगुटीत, ताईसारखी रुंद कपाळाची. लेकीने दारातच बाळ माझ्याकडे दिलं आणि ती ताईच्या खुर्चीपाशी खाली बसली. ताई तिच्याकडे बघून हसली. कुणाकडेही बघून हसते तशी. मग म्हणाली, "लांबून आलात का? पाणी घ्या." लेकीने पाणी घेतलं. तिने फार धीराने घेतलं ते, मला जमलं नसतं.

चहा झाला. बाळ माझ्या मांडीवर झोपलं. लेक बराच वेळ ताईची बोटं चोळत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, सॅक तिथेच का नाही सोडलीत?"

मी आजवर शंभर गोष्टी बोलले होते, पण हा साधा प्रश्न विचारला नव्हता. उत्तराची मला भीती वाटत असावी.

"तिच्यात पासपोर्ट होते," भावोजी म्हणाले. "तिची औषधं होती. तुझा पत्ता होता. फोटो होता." पोलिसांना सांगितलं होतं तसंच ते ओळीने सांगत गेले. मग थांबले आणि चष्मा काढला. "नाही. हे मी नंतर जुळवलं. तेव्हा यातलं काहीएक मनात नव्हतं. बॅग मागे राहिलीय, एवढंच कळलं. पाय आपोआप वळले. तुझी आई समोर दिसत होती गं मला, आणि पाय वळले."

आणि ते रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. लेक ताईची बोटं चोळतच राहिली. तिने त्यांना माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. आजही येत नाही.

ताई अस्वस्थ झाली. तिने लेकीला हळूच विचारलं, "का रडतायत हे?"

लेक म्हणाली, "प्रवासात त्यांचं माणूस हरवलं."

ताईने "अरेरे" म्हटलं. खुर्चीत पुढे सरकून तिने भावोजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही परत गेला होता ना तिला घ्यायला?"

भावोजींनी होकारार्थी मान हलवली.

"मग झालं तर," ताई म्हणाली. "तिनेच थांबायला हवं होतं. अशी कशी निघून गेली, म्हणते मी. चूक तिची आहे, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

भावोजींनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. बत्तीस वर्षं ज्या बाईला ते "अगं" म्हणून हाक मारत आले, तिच्याशी ते अगदी हळू, परक्या बाईशी बोलावं तसं बोलले.

"नाही हो बाई. तिची काही चूक नव्हती. ती मला हात हलवून दाखवत होती."